डब्यासोबतचं पान

गाडीला घरच्या घरी रंग द्यायचं मनावर घेतलेला माणूस दुकानात शिरतो तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त शेड असते. पांढरा की सिल्व्हर, साधा की मेटॅलिक, आणि मूळ रंगाशी जुळेल ना? जाणता दुकानदार शेडकार्ड काढण्याआधी विचारतो, "खाली काय मारलंय?" गिऱ्हाईक गडबडतं, कारण खाली काय आहे हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. वरचा रंग टिकणार की महिन्याभरात फुगून येणार, याचा निकाल मात्र त्याच उत्तरावर लागतो. कुठला थर कशावर बसतो, किती वेळाने बसतो आणि कशावर मुळीच बसत नाही, हे सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं. रंगकंपन्या त्याला तांत्रिक माहितीपत्रक म्हणतात. ते फुकट मिळतं, दुकानदाराकडे मागितलं तर तो शोधून देतो, आणि तरीही बरेच जण ते न वाचताच डब्याचं झाकण उचकटतात.

कवितेचं रसग्रहण करताना आपण आशय, रचना आणि भाषा अशी तीन अंगं पाहतो. शाळेतल्या उत्तरपत्रिकेने ती रीत आपल्या हाडीमाशी मुरवली आहे. रंगाचं माहितीपत्रक त्याच रीतीने वाचावं, असं मी सुचवतो. त्यात विनोद नाही. हे पान असं वाचलं तरच खुलतं, आणि वरवर चाळलं तर दाराचा पत्रा पुन्हा खरवडायची पाळी येते.

वाचायला घेऊ टू-पॅक म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या इपॉक्सी प्रायमरचं पत्रक. उघड्या पत्र्यावर सगळ्यात आधी बसणारा हा थर. कंपनी कोणतीही असो, या जातीची पत्रकं एकाच वळणाची असतात. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच राहतो. वर्णन, पृष्ठभाग, पूर्वतयारी, मिश्रणाचं प्रमाण, पॉट लाइफ म्हणजे मिश्रण वापरण्याजोगं राहण्याचा वेळ, गनचं नोझल, कोटांची संख्या, वाळण्याचा वेळ, पुढचा कोट, आणि शेवटी बारीक टायपात टीपा. एकूण एक-दोन पानं.

भाषेपासून सुरुवात करू. पहिल्या परिच्छेदात विशेषणं दिसतात. चिकटपणा उत्कृष्ट, गंजरोधन उत्तम, वापर बहुपयोगी. पुढे ती एकदम नाहीशी होतात आणि आकडे व आज्ञा सुरू होतात. घासा, पुसा, मिसळा, थांबा. एकाच पानात दोन आवाज आहेत. पहिला विक्रेत्याचा, दुसरा प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाचा. सांधा इतका उघड असतो की बोट ठेवून दाखवता येतो. घरी रंगवणाऱ्याने पहिला आवाज ऐकून डबा घ्यावा आणि दुसरा ऐकून उघडावा. दुसऱ्या आवाजात सर्वांत बोलकी असतात ती नकारार्थी वाक्यं. ॲसिड असलेल्या प्रायमरवर लावू नका. दहा-पंधरा अंशांच्या खाली लावू नका. उरलेलं मिश्रण डब्यात परत ओतू नका. वाक्य तीन-चार शब्दांचं असतं, कारण दिलेलं नसतं. पण ती कारणं रसायनात पक्की असतात, आणि या वाचनातला बराचसा रस त्या न सांगितलेल्या कारणांतच आहे.

आता आशय. "पृष्ठभाग" या मथळ्याखाली एक यादी येते. स्वच्छ घासलेला लोखंडी पत्रा, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, ॲल्युमिनियम, फायबर ग्लास, आणि नीट चिकटून असलेला, घासलेला जुना रंग. यादी साधी दिसते. ती वाचायची खरी पद्धत म्हणजे तिच्यात काय नाही ते पाहणं. प्लॅस्टिकचा बंपर तिच्यात नसतो. आजकालचे बरेचसे बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्या प्लॅस्टिकवर फारसं काही चिकटतच नाही. त्याला आधी वेगळा ॲडहेजन प्रमोटर म्हणजे पकड देणारा थर लागतो. "थर्मोप्लॅस्टिक" म्हणजे थिनरने पुन्हा विरघळणारे जुने रंगही यादीत सहसा नसतात, आणि असले तर सोबत अट असते. जस्ताच्या पत्र्याचा उल्लेख इपॉक्सीच्या पत्रकात ठळक येतो, त्यालाही कारण आहे. साधा अल्किड म्हणजे तेलावर आधारलेला सिंथेटिक एनॅमल थेट जस्तावर मारला, तर दमट हवेत जस्ताची क्षारं आणि तेलातली स्निग्धाम्लं मिळून साबण तयार होतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. इपॉक्सीत तसं तेल नाही, म्हणून ती इथे निश्चिंत बसते. यादीतला एकेक शब्द असा कुणाच्या तरी बाजूने किंवा विरोधात उभा असतो.

ही बाजू कळण्यासाठी रंग वाळतो म्हणजे काय होतं, हे ठाऊक हवं. मोटारीच्या रंगांची घराणी यावरूनच पडतात. सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखा ब्रशने व्हार्निशी रंग देत आणि तो वाळायला आठवडे लागत. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँटचा डुको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडचे सुतार आणि पेंटर आजही एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाला सर्रास "डुको" म्हणतात. लॅकर वाळतो तो केवळ थिनर उडून जातो म्हणून. थिनर पुन्हा लावला की तो पुन्हा विरघळतो. एनॅमलचं तसं नाही. त्यातला थिनर उडतो, मग हवेतला ऑक्सिजन तेलाच्या रेणूंना एकमेकांत गुंफतो, आणि हे गुंफण दिवसचे दिवस, कधी आठवडे चालतं. तिसरं घराणं टू-पॅकचं. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. पुढे त्यातून हार्डनर घालून घट्ट होणारे रंग निघाले, आणि इपॉक्सी प्रायमरही दोन भाग मिसळण्याच्या त्याच तत्त्वावर चालतं. हे रंग एकदा पक्के झाले की थिनरला दाद देत नाहीत. चौथा प्रकार कारखान्यातला. तिथे गाडीचा सांगाडा आधी विद्युतलेपाच्या टाकीत बुडवतात आणि तो लेप साधारण १६० ते १८० अंशांच्या भट्टीत भाजतात. वरचा क्लिअर कोट साधारण १४० अंशांवर भाजला जातो. गॅरेजमध्ये हे करता येत नाही, कारण तयार गाडीत रबर, वायरिंग, सीट असं सगळं बसलेलं असतं. दुरुस्तीचे सगळे रंग याच अडचणीपोटी जन्मले. भट्टीचं काम हार्डनर करतो किंवा नुसती हवा करते.

आता दुकानदाराचा प्रश्न पुन्हा ऐकला तर त्याची खोली कळते. एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून इतकी धावली की शहराची ओळखच झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. ज्या पद्मिनी हौशी लोकांकडे उरल्या आहेत, त्यांच्या दारावर किती हातांनी काय काय चढवलंय हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मूळ रंग, त्यावर कधी एनसी, कधी सिंथेटिक एनॅमल, मध्येच पुट्टी, एखाद्या अपघातानंतर नुसता टच-अप. अशा दारापुढे माहितीपत्रकातला "नीट चिकटून असलेला जुना रंग" हा शब्दप्रयोग फार मोठा होतो. जुना रंग म्हणजे कुठला?

त्याचं उत्तर मिळवायची सोपी चाचणी पेंटर मंडळी वापरतात. दाराच्या आतल्या कडेवर, जिथे दिसणार नाही तिथे, लॅकर थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं अर्धा मिनिट दाबून ठेवायचं आणि चोळायचं. रंग विरघळून फडक्यावर आला तर खाली लॅकर आहे. रंग मऊ पडून वळ्या उठल्या तर अर्धकच्चं एनॅमल आहे. काहीच झालं नाही तर टू-पॅक किंवा कारखान्याचा भाजलेला रंग. पूर्ण मुरलेलं जुनं एनॅमलही कधी कधी शांत राहतं, म्हणून एका जागेवर विसंबू नये. खाली लॅकर निघाला तर जुन्या पेंटरांचा एक आडाखा कामी येतो. लॅकरवर एनॅमल चालतं, एनॅमलवर लॅकर चालत नाही. कारण लॅकरच्या थिनरची ताकद जास्त आणि ती खालच्या तेलकट थराला सहन होत नाही. एनॅमलचा सौम्य थिनर मात्र खालच्या लॅकरला फारशी इजा करत नाही. पत्रकाच्या यादीत हा आडाखा शब्दशः लिहिलेला नसतो, पण तिच्यामागे उभा असतो.

या लेखनप्रकाराचा खरा नायक काळ आहे. मिश्रणानंतर किती थांबायचं, दोन कोटांत किती थांबायचं, किती तासांत पुढचा कोट मारता येईल, किती दिवसांनंतर घासल्याशिवाय मारता येणार नाही, आणि तयार मिश्रण कधी टाकून द्यायचं. एकाच पानावर काळाचे असे पाच-सहा वेगवेगळे हिशेब एकत्र नांदतात. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा "पुढचा कोट" या मथळ्याखाली येतो. तिथे एक खालची मर्यादा असते आणि एक वरची. इपॉक्सीत वरची मर्यादा कुठे एका दिवसाची, कुठे सात दिवसांची असते. या खिडकीत पुढचा थर मारला तर दोन थरांमध्ये रासायनिक पकड बसते, कारण खालचा अजून पुरता पक्का झालेला नसतो. खिडकी बंद झाल्यावर मारायचा असेल तर घासून खडबडीत करावं लागतं. तेव्हा पकड केवळ ओरखड्यांची असते. ती वाईट नसते, फक्त घासकाम प्रामाणिक हवं.

एनॅमलमध्ये ही खिडकी उलट्या अर्थाने धोक्याची असते. सुरुवातीच्या काही तासांत दुसरा कोट चालतो. पूर्ण मुरल्यावरही चालतो. मधल्या काळात मात्र ते अर्धवट गुंफलेलं असतं. तेव्हा वरून तीव्र थिनरचा कोट आला की थिनर आत शिरतो, खालचा थर फुगतो, पण गुंफलेला असल्यामुळे विरघळू शकत नाही. पत्र्याला चिकटलेला असल्यामुळे त्याला पसरायलाही जागा नाही. मग तो वर उचलला जातो आणि तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो. पेंटर याला "रंग उचलला" म्हणतात. रंग चांगला होता, खालचा थरही चांगला होता, चुकला तो दिवस. दोन रंग एकमेकांना चालतात की नाही, या प्रश्नात "कधी" हा शब्द दडलेला असतो, हे या एका सुरकुतीवरून शिकता येतं.

काळाबद्दलची दुसरी बारकाई अशी की पत्रकातले सगळे आकडे साधारण २० किंवा २३ अंशांच्या प्रयोगशाळेतले असतात. ही खोली विदर्भातल्या मे महिन्यापासून फार दूर आहे. रसायनाचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पत्रकात पॉट लाइफ चार तासांची असेल तर नागपूरच्या दुपारी ती त्याच्या चौथ्या हिश्श्यावरही येऊ शकते, आणि गनच्या कपातलं प्रायमर काम अर्ध्यावर असतानाच दाटायला लागतं. कोकणातल्या जुलैची गोष्ट वेगळी. तिथे वेळ भरपूर मिळतो, पण हवा पाण्याने जड असते. लॅकरचा थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव जमतं आणि रंग पांढुरका होतो. त्यासाठी सावकाश उडणारा थिनर किंवा रिटार्डर लागतो, आणि पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. थिनर फास्ट, मीडियम आणि स्लो असा तीन तऱ्हांचा का मिळतो, हे अशा हवेत उमगतं. "योग्य थिनर वापरा" एवढंच लिहिणारं पत्रक वाचकाकडून हवेचा अंदाज गृहीत धरतं.

मिश्रणाच्या प्रमाणाचा मथळा सगळ्यात कोरडा, आणि चूक सगळ्यात जास्त इथेच होते. ४:१ किंवा २:१ अशी जोडी लिहिलेली असते, आणि ती घनफळाने की वजनाने हेही लिहिलेलं असतं. घाईत हार्डनर थोडा जास्त घातला तर रंग लवकर घट्ट होईल, अशी समजूत सर्रास आढळते. इपॉक्सीत हार्डनर म्हणजे अमाइन. त्याच्या प्रत्येक रेणूला भिडायला इपॉक्सीचा ठरावीक हिस्सा लागतो. जास्तीचा अमाइन बिनजोडीचा राहतो, पृष्ठभागावर येतो, हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया करून चिकट तेलकट थर तयार करतो, आणि त्यावर पुढचा कोट बसत नाही. काही इपॉक्सींना मिसळल्यावर १५ ते ३० मिनिटं डब्यातच ठेवायचं असतं, त्याला इंडक्शन टाइम म्हणतात. घाईचा माणूस ही ओळ वगळतो. पुट्टीचंही असंच. पॉलिएस्टर पुट्टीत बेन्झॉइल पेरॉक्साइडची पेस्ट दोन-तीन टक्के घालायची असते. जास्त घातली तर उरलेलं पेरॉक्साइड वरच्या रंगात शिरतं आणि आठवड्यांनी डाग उमटतो. एका कंपनीचा हार्डनर दुसरीच्या रंगात घालून चालत नाही याचंही कारण हेच. हार्डनर हे रंगाच्या सूत्राचं अर्धं शरीर आहे, सुटी विकली जाणारी वस्तू नव्हे.

आता रचना. एकटं पान वाचून निवड होत नाही. पुढच्या थराचं पान शेजारी ठेवावं लागतं. इपॉक्सीच्या पत्रकात "यावर काय लावता येईल" अशी ओळ असते आणि वरच्या सर्फेसरच्या म्हणजे पृष्ठभाग सपाट करणाऱ्या थराच्या पत्रकात "कशावर लावता येईल" अशी. या दोन ओळी एकमेकींना भेटल्या पाहिजेत. खालच्याने वरच्याचं नाव घेतलं आणि वरच्याने खालच्याचं, तरच थर जुळतात. एकाने घेतलं आणि दुसरं गप्प असेल तर थांबावं आणि कंपनीला विचारावं. घरी रंगवणाऱ्याला मी एकच नियम सांगेन तर हाच सांगेन. सगळे थर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतून घ्या, असा जो सल्ला देतात, तो या नियमाचा सोपा अवतार आहे. एका मालिकेत या ओळी आधीच जुळवलेल्या आणि तपासलेल्या असतात.

रचनेत संघर्षही आहे. उत्तम उदाहरण एच प्रायमर आणि इपॉक्सीचं. एच प्रायमर म्हणजे पॉलिव्हिनाइल ब्युटिरल आणि फॉस्फोरिक आम्ल यांचं मिश्रण. आम्ल पत्र्याला हलकेच चावतं आणि तिथे पकड बसते. ॲल्युमिनियमवर आणि स्वच्छ लोखंडावर ते झकास काम करतं. इपॉक्सीही तिथेच झकास काम करते. म्हणून हौशी माणसाला वाटतं, दोन्ही मारू, दुप्पट संरक्षण. पण एकाचं आम्ल आणि दुसऱ्याचा अमाइन हे रसायनात एकमेकांचे विरोधक. उरलेलं आम्ल अमाइनला गाठतं आणि इपॉक्सीचा सीमेवरचा थर घट्टच होत नाही. दोन चांगले थर एकमेकांवर बसले की वाईट होतात. म्हणूनच पत्रकात ते तुटक वाक्य येतं, ॲसिड असलेल्या प्रायमरवर लावू नका. गंज बदलणारी फॉस्फोरिक द्रावणं वापरून पत्रा नीट न धुता इपॉक्सी मारली, तरी हेच घडतं. एच प्रायमरवर थेट पॉलिएस्टर पुट्टीही लावत नाहीत. ती लावायची तर आधी वर सर्फेसर हवा, किंवा मग पुट्टी इपॉक्सीवर लावावी.

हे सगळं एकत्र ठेवलं की एका चांगल्या दाराची रचना अशी उभी राहते. स्वच्छ घासलेल्या पत्र्यावर इपॉक्सीचे एक-दोन कोट, कारण ती पाणी आणि हवा दोन्ही अडवते. खड्डा असेल तिथे घासलेल्या इपॉक्सीवर पुट्टी, आणि ती कोरडीच घासायची, कारण तिच्यातला टाल्क पाणी पितो. मग टू-पॅक सर्फेसर, जो पेपरच्या खुणा भरतो. इपॉक्सी हे काम करत नाही, आणि ऊन सोसणंही तिच्या स्वभावात नाही. ती उघडी राहिली की पांढुरकी होऊन भुकटी सुटते. सर्फेसरवर गाइड कोट म्हणजे वेगळ्या रंगाचा हलका फवारा, म्हणजे घासताना खळगे कुठे राहिले ते दिसतं. ४०० ते ६०० नंबरच्या पेपरने घासून त्यावर बेस कोट. बेस कोट रंग दाखवतो, चमक देत नाही आणि एकटा टिकतही नाही. त्यावर ठरलेल्या वेळात, अनेक पत्रकांत चोवीस तासांच्या आत, क्लिअर कोट. अतिनील किरण शोषणारी द्रव्यं त्यातच असतात. कारखान्यात अशा सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सातवा ते दहावा हिस्सा. एवढ्या जागेत इतक्या अटी मान्य करून सगळे उभे राहतात, हे या रचनेचं सौंदर्य.

पत्रकाच्या शेवटी सुरक्षेचा भाग येतो आणि तो सर्वांत कमी वाचला जातो. टू-पॅक पॉलियुरेथेन क्लिअर आणि बहुतेक टू-पॅक सर्फेसरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर शरीर त्याच्याविरुद्ध कायमचं सजग होऊ शकतं, आणि मग अगदी थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येतो. धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे. साध्या कार्ट्रिजच्या मास्कवरही विसंबता येत नाही. नळीतून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो. आयसोसायनेट ओलाव्याशी क्रिया करतं, म्हणून त्याचा डबा लगेच घट्ट बंद करायचा. इपॉक्सीच्या हार्डनरने त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून हातमोजे हवेत. घरी रंगवणाऱ्याने निवड करताना फक्त थर एकमेकांना चालतात का, एवढं पाहून भागत नाही. तो थर आपल्या फुफ्फुसाला चालेल का, हाही जुळणीचाच प्रश्न आहे. हवा पुरवणारा मास्क आणि फवाऱ्याची बंदिस्त जागा नसेल तर शहाणी वाटणी अशी करावी. घासकाम, इपॉक्सी आणि पुट्टी आपल्या हाताने करावी. छोट्या तुकड्यावर इपॉक्सी ब्रशनेही चालते, तसं पत्रकात लिहिलेलं असेल तर. टू-पॅक सर्फेसर आणि क्लिअरची फवारणी गॅरेजकडे सोपवावी, आणि तिथल्या पेंटरच्या हातात आपण खाली काय, कधी मारलं त्याची चिठ्ठी द्यावी. दुसरा मार्ग म्हणजे सगळीच साखळी सिंगल-पॅकची निवडणं, अर्थात टिकाऊपणा कमी हे मान्य करून.

या लेखनप्रकाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पत्रकाला तुमचं दार माहीत नाही. ते लिहिणाऱ्याने नवा, स्वच्छ, प्रयोगशाळेतला पत्रा डोळ्यांपुढे ठेवला होता. तुमच्या दारावर कुठेतरी जुन्या सिलिकॉन पॉलिशचा अंश आहे, आणि त्यामुळे रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतील. कुठेतरी घामट हाताच्या खुणांतले क्षार आहेत, आणि ते पावसाळ्यात पाणी ओढून फोड आणतील. पत्रक "डीग्रीझरने पुसा" एवढंच म्हणतं. किती वेळा, कुठल्या फडक्याने, हे लिहीत नाही. त्यात गृहीत धरलेला वाचक अनुभवी पेंटर आहे, आणि घरी रंगवणारा त्या जागी पाहुणा आहे.

पाहुण्याने ती उणीव भरून काढायची एक युक्ती आहे. भंगारातला पत्र्याचा एक तुकडा घ्या, शक्यतो आपल्याच गाडीच्या काढून टाकलेल्या भागाचा. त्यावर सगळे थर त्याच क्रमाने, त्याच दिवसांच्या अंतराने चढवा. पक्का झाला की धारदार पात्याने पत्र्यापर्यंत उभ्या-आडव्या रेघा मारून लहान चौकोन पाडा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये क्रॉस-कट चाचणी याच पद्धतीची असते, आणि घरी करायला तिला एक पातं आणि टेप पुरते. मग टेपच्या चिकट बाजूकडे पाहा. तिथे फक्त क्लिअर आला असेल तर बेस आणि क्लिअरमधला वेळ चुकला. बेसचा रंग आला असेल तर सर्फेसर पुरेसा घासला गेला नव्हता. सर्फेसर आला आणि खाली इपॉक्सी शाबूत असेल तर इपॉक्सीची खिडकी बंद झाल्यावर नीट न घासता काम झालं होतं. इपॉक्सीसकट सगळं आलं आणि खाली लकाकता पत्रा उघडा पडला, तर चूक पूर्वतयारीत आहे. काही निघालं नाही तर दाराला हात घाला, आणि निघालं तर ज्या दोन थरांमध्ये फूट पडली, त्या दोघांची पत्रकं पुन्हा शेजारी मांडून एकाचं "यावर काय" आणि दुसऱ्याचं "कशावर" हे दोन मथळे सावकाश वाचा.